टाके घालायची घाई नको

वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

«डॉक्टर, नमस्कार. मी चोपड्याला शिक्षिका आहे. माहेर रावेर तालुक्यात, घरची केळी. आखाजीला माहेरी गेले तेव्हा नानांच्या (माझे वडील, वय ६८) नाकाच्या उजव्या अंगाला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या जरा खाली, काळसर चकचकीत गाठ दिसली. तिच्यावर खपली धरते आणि तोंड पुसताना रक्त येतं. चार वर्षांपूर्वी तिथेच मस होता. गावातल्या एकाने तो चुना-सोडा लावून जाळला. दोन वर्षांपूर्वी परत आला तेव्हा तालुक्याच्या एका दवाखान्यात कापून काढला, पण तुकडा तपासायला पाठवला नव्हता. आता जळगावला बायोप्सी केली. रिपोर्टमध्ये ‘बेसल सेल कार्सिनोमा, पिगमेंटेड, इन्फिल्ट्रेटिंग’ असं लिहिलंय. तिथले सर्जन म्हणतात, पुढच्या आठवड्यात काढू आणि गालाची कातडी सरकवून लगेच बुजवून टाकू. पुण्याचा भाऊ म्हणतो, मोहस सर्जरीच करायची, नाना मुंबईला न्या, बाकी सगळं जुनं झालं. नाना म्हणतात, ‘माले काही नही व्हयनं.’ त्यात घड कापणीला आलेत. मोहस खरंच लागते का? दुसरीकडे विचारलं तर जळगावचे डॉक्टर रागावतील का? नानांची अँजिओप्लास्टी झालेली आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बिडीही ओढतात.

ता. क. आईच्याही कमरेवर लुगड्याच्या गाठीखाली एक जखम सहा महिन्यांपासून चिघळते आहे. ती मलम लावते. त्याचं नंतर बघू.»

ताई,

तुमच्या मनात नाना आहेत, म्हणून आधी नानांबद्दल लिहितो. ता. क. मात्र मी सोडणार नाही.

नानांचा आजार कॅन्सरच आहे, पण तो सावकाश चालणारा आहे. बेसल सेल कॅन्सर रक्तातून किंवा मान, काख, जांघेतल्या लसिकागाठींमधून शरीरात दुसरीकडे पसरणं फार दुर्मीळ, शंभरात एकालाही होत नाही. तो जिथे आहे तिथेच पोखरत जातो. आपल्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळा दिसतो, म्हणून लोक त्याला मस, चामखीळ, तीळ समजतात आणि वर्षं निघून जातात. त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यातच’ अशी घाई नाही. चार-सहा आठवडे नीट विचार करून, योग्य ठिकाण शोधून गेलात तर काही बिघडणार नाही. कापणी होऊ द्या. पण ‘दिवाळीनंतर बघू’ हेही चालणार नाही, कारण शेजारी डोळा आहे.

आता मोहस. नाव अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोहस या डॉक्टरांचं, उच्चार ‘मोज’च्या जवळचा. १९३०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात त्यांनी ही पद्धत सुरू केली. एक गोष्ट तुम्हाला नवलाची वाटेल. सुरुवातीला तेही गाठीवर लेपच लावायचे, झिंक क्लोराइडचा. पण तो लेप गाठ जाळून मोकळं होण्यासाठी नव्हता. लेपाने मांस जागच्या जागी घट्ट होई, मग ते थर कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि जिथे कॅन्सर उरलेला दिसेल तिथे पुन्हा लेप लावायचे. गावातल्या माणसाने चुना-सोडा लावला आणि वरचं जळलं, तेव्हा खाली काय राहिलं ते कोणी पाहिलंच नाही. पुढे लेप मागे पडला, ताजं मांसच गोठवून तपासायला लागले. पण कापलेली प्रत्येक कड डोळ्यांनी पाहायची, हा गाभा तोच राहिला.

हे नानांना समजावताना केळीचाच दाखला द्या. पील, म्हणजे केळीच्या बुडातून फुटणारं रोप, जमिनीलगत कापलं तर काही दिवसांत कोंब पुन्हा वर येतो, कारण कंद खाली शाबूत असतो. ‘इन्फिल्ट्रेटिंग’ या शब्दाचा अर्थ असाच: वर दिसते ती गाठ लहान, पण खाली बारीक तंतू कातडीत शिरलेले, आणि ते कोणत्या बाजूला किती लांब गेलेत हे वरून कळत नाही. पिलांवर पुढचं पीक धरतो त्या पिलबागेत ते कोंब आपल्याला हवे असतात, इथे एकही नको.

साध्या शस्त्रक्रियेत सर्जन दिसणाऱ्या गाठीभोवती काही मिलिमीटर निरोगी कातडी घेऊन तुकडा काढतात, जखम शिवतात आणि तुकडा पॅथॉलॉजीला पाठवतात. तिथे त्याचे उभे काप घेतात. ही पद्धत चुकीची नाही, बहुतेक गाठींना पुरेशी आहे. पण त्या कापांत एकूण कडेचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रत्यक्ष नजरेखाली येतो. भाकरी कुठे करपली का, हे चार ठिकाणी मोडून बघण्यासारखं आहे ते. मोडली तिथे करपलेली नसेल तर आपण म्हणतो, चांगली झाली. मोहसमध्ये ती भाकरी उलटी करतात, कडा दाबून तळाच्या पातळीत आणतात आणि सगळा तळ, सगळी कड एकदम बघतात.

प्रत्यक्षात होतं ते असं. रुग्ण जागा असतो, जागेपुरती भूल देतात. दिसणारी गाठ आणि भोवतालची एक-दोन मिलिमीटर कातडी बशीसारखी काढतात. तुकड्याच्या कडांना वेगवेगळे रंग लावतात आणि चेहऱ्यावर तो कुठे कसा होता याचा नकाशा कागदावर काढतात. मग गोठवून काप, मग सूक्ष्मदर्शक. यात तास-दीड तास जातो, रुग्ण पट्टी बांधून बाहेर बसतो. समजा नकाशावर फक्त नाकाच्या बाजूला कॅन्सर उरलेला दिसला, तर फक्त तिथलाच आणखी एक थर काढतात. डोळ्याच्या बाजूची निरोगी कातडी वाचते. सगळ्या कडा स्वच्छ झाल्या की मगच जखम बुजवतात. दिवसभराचं काम असतं, सोबत डबा आणि नेहमीच्या गोळ्या न्या.

तर ही खास शस्त्रक्रिया कधी लागते? माझ्या मते तीन गोष्टी पाहायच्या. जागा कुठली, गाठ कोणत्या जातीची, आणि आधी तिथे कोणी हात लावला आहे का.

जागा म्हणजे पापण्या, नाक, ओठ, हनुवटी, कान, कानशिलं. तसंच हातापायांचे पंजे आणि गुप्तांग. इथे कातडी उसनी घ्यायला जागा नसते आणि कॅन्सर परतण्याचा धोकाही जास्त. जात म्हणजे नानांच्या रिपोर्टमधला तो ‘इन्फिल्ट्रेटिंग’ शब्द. ‘मॉर्फिआफॉर्म’, ‘मायक्रोनोड्युलर’ किंवा ‘पेरिन्यूरल’ असं लिहिलं असेल तरीही तेच. आणि हात लावलेला म्हणजे परत आलेली गाठ, व्रणातली गाठ, पूर्वी रेडिएशन दिलेल्या जागेवरची गाठ. पहिल्या शस्त्रक्रियेच्या व्रणात तंतू कुठे अडकून बसलेत हे नंतर ओळखू येत नाही. किडनी बदललेल्यांसारखे, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवरचे रुग्णही याच गटात येतात.

नानांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी लागू आहेत. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळची गाठ खोल शिरली तर खोबणीपर्यंत जाते, जात आक्रमक आहे, आणि तिथे दोनदा हात लागलेला आहे. म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय असं आहे. शक्य असेल तर नानांना मोहस मिळावी. नेदरलँड्समध्ये चेहऱ्यावरच्या जोखमीच्या बेसल सेल कॅन्सरचे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून त्यांच्यावर दहा वर्षं लक्ष ठेवलं. आधी परत आलेल्या गाठींमध्ये, साध्या शस्त्रक्रियेनंतर १३.५ टक्के पुन्हा उगवल्या, मोहसनंतर ३.९ टक्के. पहिल्यांदाच झालेल्या गाठींमध्ये हे आकडे १२.२ आणि ४.४ होते, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरला नाही. म्हणजे या शस्त्रक्रियेचा सगळ्यात पक्का फायदा नानांसारख्या, परत आलेल्या गाठींनाच आहे.

तुमच्या भावाचं ‘बाकी सगळं जुनं झालं’ हे मात्र मला मान्य नाही. हीच गाठ नानांच्या पाठीवर असती, पहिल्यांदाच झालेली, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्पष्ट कडेची, तर भोवती चार मिलिमीटर कातडी घेऊन साधी शस्त्रक्रिया करा म्हणून मीच सांगितलं असतं. तशी गाठ एवढ्या कडेत शंभरातल्या पंच्याण्णव जणांची पूर्ण निघते. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संस्थांनी २०१२ मध्ये २७० प्रकारचे प्रसंग एकेक तपासून ठरवलं की मोहस कुठे योग्य आहे. २०० ठिकाणी योग्य ठरली, २४ ठिकाणी नक्की सांगता येईना, आणि ४६ ठिकाणी अयोग्य. जिथे ही शस्त्रक्रिया जन्मली तिथेही ती सरसकट करायची नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. आणि तळपायावरचा वाढणारा काळा डाग, म्हणजे मेलानोमा या दुसऱ्या प्रकारच्या कातडीच्या कॅन्सरची शंका, हा तर वेगळाच आजार. त्याला या हिशेबात धरू नका, त्याची वाट वेगळी आहे.

आता अडचणीचं बोलू. आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे मोहस सहजासहजी मिळत नाही. ती शिकलेले डॉक्टर देशातच मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते, पण अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला घेऊन दोन-तीन खेपा, राहणं, खर्च हे सगळं मला ठाऊक आहे. जमलं नाही म्हणून नानांवर अन्याय झाला, असं मनात आणू नका. मोहस नाही मिळाली तरी तिचा गाभा जळगावातही सांभाळता येतो. तो गाभा एवढाच, की कडा स्वच्छ असल्याचं कळल्याशिवाय गालाची कातडी सरकवायची नाही.

हे मी का एवढं ठासून लिहितोय ते सांगतो. नोकरीत नवा असताना मी एका दवाखान्यात होतो. शिरपूरकडच्या एक बाई नाकाशेजारची अशीच गाठ घेऊन आल्या. आम्ही ती काढली, त्याच टेबलावर कातडी सरकवून छान बुजवली. व्रण इतका सुरेख भरला की आम्हीच खूश. दहाव्या दिवशी रिपोर्ट आला: खालची कड बाधित. तोवर बाई घरी गेलेल्या. फोन नव्हता, निरोप पाठवला, त्या आल्या नाहीत. चेहरा तर चांगला दिसत होता, कशाला येतील? तीन वर्षांनी आल्या तेव्हा त्या सुंदर कातडीखाली कॅन्सर हाडापर्यंत गेला होता. डोळा वाचला नाही. जाड कातडीखाली उगवलेला तो वरून दिसलाच नव्हता. त्या दिवसापासून चेहऱ्यावरच्या अशा गाठीत मी रिपोर्टच्या आधी कधी कातडी सरकवू दिलेली नाही.

म्हणून जळगावच्या सर्जनना जाऊन भेटा आणि सरळ विचारा, «सर, गाठ काढून जखम पट्टीखाली उघडी ठेवता येईल का? सगळ्या कडांचा रिपोर्ट आला की मग बुजवू.» याला दोन टप्प्यांची शस्त्रक्रिया म्हणतात. पाच-सात दिवस चेहऱ्यावर उघडी जखम बघून घरचे घाबरतात, आई तर फार घाबरेल. पण रोज पट्टी बदलली की ती जखम सहसा नीट राहते, आणि आठवड्याने बुजवल्याने नुकसान होत नाही. पॅथॉलॉजिस्टनाही आधीच सांगून ठेवायला हवं की नेहमीचे काप नकोत, सगळी कड आणि तळ बघून हवा आणि तुकड्याची दिशा ओळखता यावी म्हणून सर्जननी त्याला दोऱ्याची खूण करावी. शस्त्रक्रिया चालू असताना गोठवून तपासायची सोय असेल तर तीही चालेल, पण तेव्हा विचारा: चार ठिकाणची कड बघणार की सगळी?

सर्जन रागावतील का? चांगला सर्जन रागावत नाही. ते चुकीचं सांगतायत असं मी म्हणतच नाहीये. गालाची कातडी सरकवून डोळ्याजवळची जखम बुजवणं हे कसबाचं काम आहे, आणि मुंबईत मोहस झाली तरी जखम बुजवायला असेच हात लागतात. फक्त क्रम बदला म्हणायचं आहे. दुसरं मत घ्यायला जाताना त्यांच्याकडूनच रिपोर्टसोबत बायोप्सीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड (काचेवरचे काप) मागून घ्या, तो रुग्णाचा हक्क आहे. नुसता कागद घेऊन गेलात तर मुंबईत पुन्हा तुकडा काढायची पाळी येऊ शकते. गाठीचा फोटोही आजच मोबाइलवर काढून ठेवा, उजेडात, जवळून एक आणि पूर्ण चेहऱ्याचा एक.

नानांना एवढं विचारा: त्या बाजूचा गाल किंवा ओठ बधिर वाटतो का, एकाच्या जागी दोन दिसतं का, गाठ बोटाने हलते की खाली चिकटलेली आहे. यातलं काही असेल तर सीटी किंवा एमआरआय झाल्याशिवाय कोणतीही शस्त्रक्रिया नको, आणि मग निर्णय डोळ्यांचे व कॅन्सरचे सर्जन मिळून घेतील. काही कारणाने शस्त्रक्रिया झेपणारच नसेल तर या वयात रेडिएशनचाही पर्याय असतो.

रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून घरीच बंद करू नका. अशा शस्त्रक्रियेत रक्त थांबवता येतं, पण गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली तर तिला आवर नाही. हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. बिडी मात्र आजपासून बंद. सरकवलेल्या कातडीला रक्तपुरवठा टिकवायचा असतो आणि धूर नेमका तोच तोडतो. नाना ऐकणार नाहीत हे मला दिसतंय. ‘काळी पडलेली कातडी पुन्हा काढावी लागते’ हे सर्जनच्या तोंडून ऐकवा, तुमच्या नको.

पैशांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र असतो. त्याला शस्त्रक्रियेचं नेमकं नाव कागदावर लिहून दाखवा आणि ती योजनेत बसते का, कोणत्या रुग्णालयात बसते, हे निघण्याआधी विचारा. रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा.

आणि नानांची पांढरी टोपी. तिला कड नसते, ती फक्त डोकं झाकते. नाक, कान, गाल उन्हातच राहतात, आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे काय ते रावेरकरांना मी काय सांगू. बागेत जाताना उपरणं नाकापर्यंत ओढून घ्यावं किंवा रुंद कडेची टोपी घालावी. एकदा हा कॅन्सर झालेल्याला दुसऱ्या जागीही होऊ शकतो, म्हणून बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सगळा चेहरा, कान, मान दाखवायची.

आता तुमची ता. क.

ताई, तुम्ही ‘त्याचं नंतर बघू’ लिहिलंय. माझ्या दृष्टीने नानांच्या आधी आई. लुगड्याची किंवा परकराच्या नाडीची गाठ वर्षानुवर्षं एकाच जागी घासली की कातडी आधी काळी, जाड होते, मग तडकते, आणि काही जणींमध्ये तिथे कॅन्सर होतो. मुंबईच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५ मध्येच धोतराच्या गाठीखाली कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी असे दोन रुग्ण पुन्हा जगापुढे मांडले. त्यातल्या एक बाई चाळीस वर्षं रोज लुगडं नेसणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या जांघेतल्या गाठीपर्यंत आजार पोहोचला होता.

कमरेवर होतो तो स्क्वॅमस सेल या कातडीच्या दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर, नानांच्यासारखा सावकाश बसून राहणारा नाही. जुन्या व्रणात, जुन्या घासलेल्या जागेत झालेला तर जास्तच लवकर लसिकागाठींकडे धावतो. आईची जखम कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाही. चिघळलेला साधा इसब असेल, बुरशी असेल. पण सहा महिने न भरलेल्या जखमेला मलम हे उत्तर नाही. जखमेच्या कडेचा तुकडा घेऊन बायोप्सी आणि दोन्ही जांघा चाचपून बघणं, एवढं या आठवड्यात झालं पाहिजे. जळगावच्या किंवा धुळ्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही ते होईल. आणि रिपोर्टमध्ये खराब काही निघालंच, तर तिथे मोहस की साधी हा प्रश्नच येत नाही. कमरेला कातडी भरपूर असते. कॅन्सरच्या सर्जनकडून मोठी कड घेऊन, खोलवर काढून घ्यायची आणि जांघेतल्या गाठींचं बघायचं.

तोवर आईला नाडी सैल आणि रुंद पट्टीची वापरायला सांगा, गाठ रोज थोडी वर-खाली बांधू दे. आई तुम्हाला म्हणेल, आधी तुझ्या वडिलांचं बघ. आपल्या घरांत बायका असंच म्हणतात आणि आपण ते ऐकतो. या वेळी ऐकू नका. तिचा रिपोर्ट आला की मला पाठवा, नानांचं काही ठरलं नसलं तरी.